'थोडेच' आणि 'थोडेसे' : इंग्रजीतील परिमाणदर्शक शब्दांचा अचूक वापर

धनादेश लिहिताना अक्षरी रकमेनंतर 'फक्त' किंवा 'मात्र' लिहिण्याची सवय खातेदारांच्या अंगवळणी पडलेली असते. इंग्रजीत धनादेश लिहिणारा त्याच जागी 'ओन्ली' लिहितो. या एका शब्दाने रकमेला कुंपण पडते आणि पुढे काही जोडण्यास वाव उरत नाही. अंकी आणि अक्षरी रकमेत तफावत असल्यास परक्राम्य संलेख अधिनियम, १८८१ याच्या कलम १८ नुसार अक्षरी रक्कम हीच देय रक्कम समजली जाते. व्यवहारात असा धनादेश बहुधा परत जातो, हा भाग वेगळा; परंतु अंक आणि शब्द यांच्यात विसंगती आली, तर कायदा शब्दाच्या बाजूने उभा राहतो, ही गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे.

'किती' या प्रश्नाचे उत्तर आकड्याने देताना चूक सहसा होत नाही. ते शब्दाने देण्याची वेळ आली, आणि तेही इंग्रजीतून, की अडचण सुरू होते. कर्जाचा अर्ज, शाखेला लिहिलेले पत्र, संयुक्त खात्याच्या सूचना, जामीनपत्र या साऱ्यांत 'काही', 'थोडे', 'सर्व', 'प्रत्येक', 'दोघांपैकी कोणीही' अशा शब्दांना फार मोठे स्थान असते. इंग्रजी व्याकरणात अशा शब्दांना 'क्वांटिफायर' म्हणतात. मराठीत त्यांना परिमाणदर्शक शब्द म्हणता येईल. त्यांच्या वापरातील बारकावे आणि मराठी भाषकांकडून हमखास होणाऱ्या चुका यांचा परिचय करून देणे, हा प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

चुकांचे मूळ

मराठी व्याकरण शिकलेल्यांना संख्याविशेषणांचे प्रकार आठवत असतील. 'पाच', 'दहा' ही गणनावाचक, 'पहिला', 'दुसरा' ही क्रमवाचक, 'दुप्पट', 'तिप्पट' ही आवृत्तिवाचक, 'एकेक', 'दहा-दहा' ही पृथक्त्ववाचक आणि 'काही', 'सर्व', 'अनेक', 'थोडे' ही अनिश्चित संख्याविशेषणे. इंग्रजीतील परिमाणदर्शक शब्द मुख्यत्वे या शेवटच्या प्रकारात बसतात. म्हणजेच ही कल्पना मराठी मनाला परकी नाही. मग चुका का होतात?

त्याचे कारण दोन भाषांच्या रचनेत आहे. मराठीत अर्थाची छटा शब्दाच्या शेवटी जोडलेल्या लहानशा अक्षराने व्यक्त होते. 'थोडे पैसे', 'थोडेच पैसे', 'थोडेसे पैसे', 'थोडे तरी पैसे' या चार प्रयोगांतील भेद कोणालाही समजावून सांगावा लागत नाही. 'च' आणि 'ही' यांना व्याकरणात शुद्ध शब्दयोगी अव्यये म्हणतात, आणि मराठीतील परिमाणाचा बराचसा भार त्यांनीच पेललेला आहे. इंग्रजीत शब्दाच्या शेवटी असे काही जोडण्याची सोय नाही. तेथे हीच छटा नामाच्या आधी येणाऱ्या छोट्या शब्दांनी, बऱ्याचदा केवळ एका 'अ' ने दाखविली जाते. मराठीतून मनातल्या मनात भाषांतर करताना 'च' आणि 'ही' गळून पडतात, त्यांच्या जागी काय यावे हे ठाऊक नसते, आणि वाक्याचा अर्थ कधी कधी उलट होतो. तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवर इंग्रजी शिकलेल्या पिढ्यांनाही ही अडचण चुकली नसावी.

१. मोजता येणारे आणि न मोजता येणारे

इंग्रजीत नामांचे दोन गट मानले जातात : एक, मोजता येणाऱ्या वस्तूंची नामे, दुसरा, न मोजता येणाऱ्यांची. पहिल्या गटासाठी 'मेनी', 'फ्यू', 'फ्यूअर', 'सेव्हरल' हे शब्द, तर दुसऱ्यासाठी 'मच', 'लिट्ल', 'लेस' हे शब्द योजतात. 'सम', 'एनी', 'ऑल', 'इनफ', 'अ लॉट ऑफ' हे शब्द दोन्ही गटांना चालतात.

मराठीत 'किती पैसे' आणि 'किती पाणी' येथे 'किती' हा एकच शब्द पुरतो. 'पुष्कळ', 'थोडे', 'जास्त', 'कमी' यांचेही तसेच. इंग्रजीत मात्र 'हाउ मेनी कस्टमर्स' आणि 'हाउ मच वॉटर' असे दोन मार्ग होतात. यासाठी एक सोपी कसोटी आहे. नामाआधी मराठीत 'अनेक' शब्द लावून पाहावा. 'अनेक ग्राहक' म्हणता येते, म्हणून 'मेनी कस्टमर्स'. 'अनेक पाणी' म्हणता येत नाही, म्हणून 'मच वॉटर'.

ही कसोटी बहुतेक वेळा उपयोगी पडते, परंतु काही शब्दांनी ती फसते. तेवढे शब्द पाठच करावेत. 'ॲडव्हाइस' म्हणजे सल्ला. मराठीत 'अनेक सल्ले' चालते, इंग्रजीत 'मेनी ॲडव्हाइसेस' चालत नाही. 'फर्निचर', 'लगेज', 'इक्विपमेंट', 'स्टेशनरी', 'इन्फर्मेशन' यांचेही अनेकवचन होत नाही. लॉकरमध्ये ठेवलेले दागिने मराठीत एक, दोन, तीन असे मोजता येतात, पण 'ज्वेलरी' हा शब्द न मोजता येणारा आहे. मोजायचेच असेल तर 'ऑर्नामेंट्स' हा शब्द वापरावा.

सर्वांत गमतीची गोष्ट म्हणजे बँकेत दिवसभर मोजला जाणारा पैसा इंग्रजी व्याकरणाच्या दृष्टीने न मोजता येणारा आहे. 'रुपीज' मोजता येतात, 'नोट्स' मोजता येतात, 'कॉइन्स' मोजता येतात. पण 'मनी' मोजता येत नाही. म्हणून 'हाउ मेनी रुपीज' आणि 'हाउ मच मनी' ही दोन्ही रूपे शुद्ध, तर 'हाउ मेनी मनी' अशुद्ध.

२. 'फ्यू' आणि 'अ फ्यू'. 'लिट्ल' आणि 'अ लिट्ल'

या पाठातील सर्वांत महत्त्वाचा भाग हा आहे. 'फ्यू' आणि 'अ फ्यू' यांत फरक केवळ एका अक्षराचा. अर्थात मात्र नकार आणि होकार यांच्याइतके अंतर. पुढील कोष्टक लक्षात ठेवावे.

फ्यू, लिट्ल : थोडेच, जवळजवळ नाहीच. सूर नकाराचा.
अ फ्यू, अ लिट्ल : थोडेसे, काही तरी. सूर होकाराचा.
द फ्यू, द लिट्ल : जे काही थोडे होते तेवढे सारे.

यांतील पहिला शब्द मोजता येणाऱ्या आणि दुसरा न मोजता येणाऱ्या नामांसाठी वापरावा.

समजा, एका शेतकरी खातेदाराला मुलाच्या शिक्षणासाठी कर्ज हवे आहे. अर्जासोबतच्या पत्रात त्याला असे सांगायचे आहे की, शेतीतून थोडेसे उत्पन्न आहे, त्यातून हप्ता भरता येईल. तो लिहितो, 'आय हॅव लिट्ल इन्कम फ्रॉम ॲग्रिकल्चर.' हे वाक्य वाचणाऱ्याला त्याचा अर्थ असा लागतो की, शेतीतून उत्पन्न नाहीच म्हटले तरी चालेल. अर्जदाराने स्वतःच्या बाजूने जे सांगावयाचे, ते स्वतःच्याच विरुद्ध सांगितले. वास्तविक त्याला लिहायचे होते, 'आय हॅव अ लिट्ल इन्कम फ्रॉम ॲग्रिकल्चर.' मराठीत त्याच्या मनात 'थोडेसे' होते. कागदावर 'थोडेच' उतरले.

उलट प्रसंगही संभवतो. दुष्काळामुळे हप्त्यांची मुदत वाढवून मागणाऱ्याने 'वी हॅड अ लिट्ल रेन धिस इयर' असे लिहिले, तर पाऊस बऱ्यापैकी पडला असा समज होईल. तेथे 'अ' वगळून 'वी हॅड लिट्ल रेन धिस इयर' असेच लिहावयास हवे.

'द फ्यू' आणि 'द लिट्ल' यांचा उपयोग कमी असला तरी अर्थ सुंदर आहे. 'आय स्पेंट द लिट्ल मनी आय हॅड' म्हणजे 'जवळ होते नव्हते तेवढे पैसे खर्च झाले.' मराठीतील 'होते नव्हते' ही सारी व्यथा इंग्रजीने एका 'द' मध्ये साठविली आहे.

३. 'सम' आणि 'एनी'

शाळेत शिकविला जाणारा नियम असा की, होकारार्थी वाक्यात 'सम' आणि नकारार्थी किंवा प्रश्नार्थी वाक्यात 'एनी' वापरावे. 'आय हॅव सम मनी', 'आय डू नॉट हॅव एनी मनी', 'डू यू हॅव एनी मनी?' हा नियम बरोबर असला तरी अपुरा आहे. त्यात दोन गोष्टींची भर घालावी लागते.

पहिली गोष्ट, विचारणाऱ्याला होकाराची अपेक्षा असेल तर प्रश्नातही 'सम' येते. पाहुण्याला चहा विचारताना 'वुड यू लाइक सम टी?' असे म्हणावे. तेथे 'एनी' वापरल्यास 'चहा वगैरे काही हवा आहे का?' असा कोरडा सूर उमटू शकतो.

दुसरी गोष्ट अधिक महत्त्वाची. होकारार्थी वाक्यात आलेल्या 'एनी'चा अर्थ 'काही' नसून 'कोणताही' असा होतो. खाते उघडण्याच्या अर्जावर 'एनी वन ऑफ द फॉलोइंग डॉक्युमेंट्स' असे लिहिलेले असते, तेव्हा पारपत्र, वाहन चालविण्याचा परवाना, मतदार ओळखपत्र अशा यादीतील कोणतेही एक कागदपत्र पुरेसे असते. तेथेच 'ऑल द फॉलोइंग' असे असेल तर यादीतील एकही वगळता येणार नाही. घरी परतून दुसरी फेरी मारावी लागणार की नाही, हे पुष्कळदा या शब्दावर अवलंबून असते.

अर्जांवर वारंवार आढळणारा आणखी एक प्रयोग म्हणजे 'इफ एनी'. याचा अर्थ 'असल्यास'. 'डिटेल्स ऑफ अदर लोन्स, इफ एनी' या रकान्यात इतर कर्जे असतील तर त्यांचा तपशील द्यावा, नसतील तर 'निल' लिहावे. रकाना रिकामा सोडू नये. रिकाम्या जागेत नंतर कोणीही काहीही लिहू शकतो.

येथे मराठी वळणाची एक चूक सांगितली पाहिजे. 'कोणीच आले नाही' या मराठी वाक्यात 'कोणीच' आणि 'नाही' हे शब्द सुखाने एकत्र नांदतात. त्याचे शब्दशः इंग्रजी करून 'नोबडी डिड नॉट कम' असे लिहिले जाते. इंग्रजीच्या प्रमाण व्याकरणात दोन नकार एकमेकांना मारतात आणि 'न आलेला असा कोणीच नव्हता', म्हणजे सगळे आले, असा अर्थ निघतो. 'नोबडी केम' एवढेच पुरे. तसेच 'एनीबडी डिड नॉट कम' हेही अशुद्ध. कारण 'नॉट'च्या आधी कर्त्याच्या जागी 'एनी' येऊ शकत नाही. 'माझ्याजवळ काहीच पैसे नाहीत' याची दोन शुद्ध रूपे : 'आय हॅव नो मनी' किंवा 'आय डू नॉट हॅव एनी मनी'.

४. 'ऑल', 'एव्हरी' आणि 'ईच'

तिन्ही शब्द सर्वांना कवेत घेतात, परंतु पाहण्याची दृष्टी वेगळी असते. 'ऑल' साऱ्या समूहाकडे एकत्र पाहते. 'एव्हरी' एकालाही न वगळता सर्वांना उद्देशून बोलते. 'ईच' एकेकाला स्वतंत्रपणे समोर उभे करते. मराठीतील पृथक्त्ववाचक विशेषणांचा हा जवळचा नातलग होय. संख्या दोन असेल तर 'ईच' चालते, 'एव्हरी' चालत नाही.

व्याकरणाचे नियम असे : 'ऑल' नंतर मोजता येणारे नाम अनेकवचनी, म्हणून 'ऑल कस्टमर्स आर'. 'एव्हरी' नंतर नाम व क्रियापद एकवचनी, म्हणून 'एव्हरी कस्टमर इज'. 'ईच ऑफ' नंतर नाम अनेकवचनी पण क्रियापद एकवचनी, म्हणून 'ईच ऑफ द कस्टमर्स इज'. याच धर्तीवर 'वन ऑफ माय फ्रेंड्स इज' हे शुद्ध. 'वन ऑफ माय फ्रेंड' ही चूक सुशिक्षितांच्या बोलण्यातही सर्रास ऐकू येते. मराठीत 'माझ्या मित्रांपैकी एक' असे म्हणताना 'मित्रांपैकी' हे अनेकवचन आपसूक येते. तेच इंग्रजीत आणावे.

'ईच' या शब्दाचे मोल ठेव विम्याच्या उदाहरणावरून स्पष्ट होईल. ठेव विमा आणि पत हमी महामंडळ, म्हणजेच डीआयसीजीसी, बँकांतील ठेवींना विमा संरक्षण देते. या संरक्षणाची मर्यादा १९९३ पासून एक लाख रुपये होती. ४ फेब्रुवारी २०२० पासून ती पाच लाख रुपये करण्यात आली. ही मर्यादा मुद्दल व व्याज मिळून आहे आणि ती 'ईच डिपॉझिटर' साठी, म्हणजे एका बँकेतील प्रत्येक ठेवीदारासाठी आहे. 'ईच अकाउंट' किंवा 'ईच ब्रँच' असे तेथे म्हटलेले नाही. एकाच बँकेच्या तीन शाखांत एकाच नावाने आणि एकाच नात्याने ठेवलेल्या तीन ठेवी विम्यासाठी एकत्र धरल्या जातात. 'प्रत्येक' या शब्दानंतर कोणते नाम येते, हे वाचल्याखेरीज 'प्रत्येक' वाचला असे म्हणता येत नाही.

'ऑल' सोबत नकार आला की एक निराळाच घोटाळा उद्भवतो. 'ऑल द इन्स्टॉलमेंट्स वेअर नॉट पेड' या वाक्याचा अर्थ काय? एकही हप्ता भरला नाही, की काही भरले आणि काही राहिले? मराठीतील 'सगळे हप्ते भरले नाहीत' हे वाक्यही तितकेच संदिग्ध आहे. बोलताना सुरावरून अर्थ कळतो, कागदाला मात्र सूर नसतो. बारापैकी दहा हप्ते भरलेल्या कर्जदाराने असे वाक्य लिहिले, तर दहा हप्त्यांचे श्रेय तो स्वतःच घालवून बसेल. काही हप्ते भरले असतील तर 'नॉट ऑल द इन्स्टॉलमेंट्स वेअर पेड' असे, आणि एकही भरला नसेल तर 'नन ऑफ द इन्स्टॉलमेंट्स वॉज पेड' असे लिहावे.

५. 'बोथ', 'आयदर' आणि 'नायदर'

हे तिन्ही शब्द फक्त दोघांसाठी आहेत. 'बोथ' म्हणजे दोघेही, 'आयदर' म्हणजे दोघांपैकी कोणीही एक आणि 'नायदर' म्हणजे दोघांपैकी एकही नाही. 'बोथ' नंतर क्रियापद अनेकवचनी. 'आयदर' व 'नायदर' यांच्यानंतर एकवचनी.

'आम्हा दोघांनीही सही केली नाही' या वाक्याचे 'बोथ ऑफ अस डिड नॉट साइन' असे भाषांतर केले जाते. त्यातून 'दोघांनी मिळून केली नाही, पण एकाने केली असावी' असाही अर्थ काढता येतो. निःसंदिग्ध रूप 'नायदर ऑफ अस साइन्ड' हेच.

संयुक्त खात्याच्या व्यवहारसूचना म्हणजे या शब्दांची जणू प्रत्यक्ष शिकवणीच. पती-पत्नींच्या पासबुकावर बहुधा 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असे लिहिलेले असते. बचत खात्यासाठी याचा अर्थ असा की, दोघांपैकी कोणीही एक व्यक्ती आपल्या एकट्याच्या सहीने पैसे काढू शकते, आणि एकाच्या पश्चात हयात असलेली व्यक्ती खाते चालवू शकते किंवा रक्कम घेऊ शकते. 'कोणीही एक' याचा आवाका मोठा आहे. त्यात सारी शिल्लक एकट्याने काढण्याचाही अधिकार येतो. हा विश्वास असेल तरच ही सूचना द्यावी.

सूचना 'जॉइंटली' अशी असेल तर प्रत्येक व्यवहाराला सर्व खातेदारांच्या सह्या लागतात. 'फॉर्मर ऑर सर्व्हायव्हर' असेल तर पहिले नाव असलेली व्यक्ती हयात असेपर्यंत खाते तिनेच चालवायचे. दुसऱ्याचा अधिकार तिच्या पश्चात सुरू होतो. खातेदार दोनांपेक्षा अधिक असतील तर 'आयदर' शब्दच चालत नाही, म्हणून तेथे 'एनी वन ऑर सर्व्हायव्हर' अशी सूचना असते. व्याकरणाचा नियम बँकेच्या अर्जावर असा जसाच्या तसा पाळलेला आढळतो.

मुदत ठेवीच्या बाबतीत एक बारकावा ध्यानात ठेवावा. 'आयदर ऑर सर्व्हायव्हर' असलेल्या ठेवीची मुदत संपल्यावर रक्कम एकाच्या सहीने मिळू शकते. परंतु मुदतीपूर्वी ठेव मोडावयाची तर दोघेही हयात असताना सर्वसाधारणपणे दोघांच्याही सह्या घेतल्या जातात. म्हणजे त्याच ठेवपावतीवर मुदतीनंतर 'आयदर' आणि मुदतीपूर्वी 'बोथ'. एकाच्या पश्चात मुदतपूर्व रक्कम घेताना अडचण येऊ नये म्हणून ठेव ठेवतानाच शाखेत तशी लेखी सूचना देण्याविषयी विचारून घेणे हिताचे ठरते.

६. 'सेव्हरल' आणि त्याचा फसवा भाऊ

'सेव्हरल' म्हणजे कित्येक. 'सेव्हरल ब्रँचेस' म्हणजे कित्येक शाखा. इथपर्यंत काही अवघड नाही. परंतु जामीनपत्रावर 'जॉइंटली अँड सेव्हरली' असे शब्द असतात. 'सेव्हरल' म्हणजे अनेक, हे ठाऊक असलेला जामीनदार अंदाजाने असा अर्थ करतो की, आपण अनेकांनी मिळून जबाबदारी घेतली आहे. तिघे जामीनदार आहेत, तेव्हा आपल्या वाट्याला तिसरा हिस्सा.

येथे 'सेव्हरली'चा अर्थ अगदी उलट आहे. या शब्दाच्या मुळाशी 'वेगळे, स्वतंत्र' हा अर्थ आहे, आणि कायद्याच्या भाषेने तोच जपला आहे. 'जॉइंटली अँड सेव्हरली' म्हणजे सर्वांनी मिळून, आणि प्रत्येकाने स्वतंत्रपणे. भारतीय संविदा अधिनियम, १८७२ याच्या कलम ४३ मध्येही हेच तत्त्व आहे : दोघांनी किंवा अधिक जणांनी मिळून वचन दिले असेल आणि त्याविरुद्ध स्पष्ट करार नसेल, तर त्यांपैकी कोणा एकाला संपूर्ण वचन पूर्ण करण्यास भाग पाडता येते. त्या एकाला नंतर इतरांकडून त्यांचा हिस्सा मागता येतो, परंतु आधी संपूर्ण रक्कम त्याला भरावी लागू शकते. स्नेहापोटी जामीन राहणाऱ्या माणसाने सही करण्यापूर्वी या एका शब्दापाशी थांबणे अगत्याचे आहे.

७. मर्यादा दाखविणारे शब्द

'ॲट लीस्ट' आणि 'नॉट लेस दॅन' म्हणजे किमान. 'अप टू' आणि 'नॉट एक्सीडिंग' म्हणजे कमाल. या चारही प्रयोगांत सीमेवरचा आकडा धरलेला असतो. 'मोअर दॅन' आणि 'लेस दॅन' यांत तो धरलेला नसतो. 'नॉट लेस दॅन फाइव्ह थाउजंड रुपीज' या अटीत पाच हजार रुपये बसतात. 'मोअर दॅन फाइव्ह थाउजंड रुपीज' यात बसत नाहीत, तेथे त्याहून अधिक रक्कम हवी.

अलीकडचे उदाहरण नामनिर्देशनाचे. बँकिंग कायद्यांतील दुरुस्तीनुसार १ नोव्हेंबर २०२५ पासून ठेव खात्यासाठी 'अप टू फोर नॉमिनीज', म्हणजे जास्तीत जास्त चार व्यक्तींचे नामनिर्देशन करता येते. 'अप टू फोर' याचा अर्थ चार व्यक्ती नेमल्याच पाहिजेत असा नव्हे. एक, दोन, तीन किंवा चार, यांपैकी काहीही चालेल.

'लेस' व 'फ्यूअर' यांतील भेदही येथेच पाहावा. मोजता येणाऱ्या नामांआधी 'फ्यूअर', न मोजता येणाऱ्यांआधी 'लेस' : 'फ्यूअर कस्टमर्स', 'लेस टाइम'. मात्र रक्कम, अंतर व कालावधी यांच्या बाबतीत आकडा असूनही 'लेस दॅन' हेच रूढ आहे, कारण तेथे एकेक रुपया न मोजता एकूण रकमेचा विचार असतो.

शेवटी एक जोडी. 'अ नंबर ऑफ कस्टमर्स' म्हणजे कित्येक ग्राहक, म्हणून पुढे 'आर'. 'द नंबर ऑफ कस्टमर्स' म्हणजे ग्राहकांची संख्या, म्हणून पुढे 'इज'. पुन्हा एकदा सारा फरक 'अ' आणि 'द' यांचा.

सराव

एका खातेदाराने कर्जासाठी शाखेला लिहिलेल्या काल्पनिक पत्रातील आठ वाक्ये पुढे दिली आहेत. प्रत्येक वाक्यात परिमाणाशी निगडित एक चूक आहे. उत्तरे पाहण्यापूर्वी ती शोधून काढावी.

१. आय हॅव गिव्हन मेनी इन्फर्मेशन्स टू द ब्रँच.
२. आय हॅव लिट्ल इन्कम फ्रॉम हाउस रेंट, सो आय कॅन पे द इन्स्टॉलमेंट.
३. ईच ऑफ माय टू सन्स आर अर्निंग.
४. वन ऑफ माय सन वर्क्स इन इंदूर.
५. बोथ ऑफ देम हॅव नॉट टेकन एनी लोन.
६. आय डू नॉट हॅव नो अदर लोन.
७. एव्हरी डॉक्युमेंट्स आर एन्क्लोज्ड.
८. आय नीड फ्यू डेज टू ब्रिंग द ओरिजिनल्स.

उत्तरे :

१. 'अ लॉट ऑफ इन्फर्मेशन'. 'इन्फर्मेशन'चे अनेकवचन होत नाही.
२. 'अ लिट्ल इन्कम'. हप्ता भरता येईल असे म्हणावयाचे आहे, म्हणून 'थोडेसे'.
३. 'इज अर्निंग'. 'ईच ऑफ' नंतर क्रियापद एकवचनी.
४. 'वन ऑफ माय सन्स'. मुलांपैकी एक.
५. 'नायदर ऑफ देम हॅज टेकन एनी लोन'. दोघांपैकी एकानेही नाही.
६. 'आय हॅव नो अदर लोन'. एका वाक्यात एकच नकार.
७. 'एव्हरी डॉक्युमेंट इज' किंवा 'ऑल द डॉक्युमेंट्स आर'.
८. 'अ फ्यू डेज'. काही दिवस हवे आहेत; 'अ' वगळल्यास 'थोडेच दिवस' असा नकाराचा सूर येतो.

समारोप

बँकांचे छापील अर्ज इंग्रजी, हिंदी आणि त्या त्या प्रदेशाची भाषा अशा तीन भाषांत असावेत, अशी रिझर्व्ह बँकेची सूचना आहे. महाराष्ट्रातील ग्राहकाला इंग्रजी मजकुराशेजारी मराठी मजकूर ताडून पाहता येतो. परंतु नोकरी-व्यवसायानिमित्त हैदराबाद, बडोदे किंवा कोलकाता येथे स्थायिक झालेल्या मराठी ग्राहकासमोर तेलुगू, गुजराती किंवा बंगाली मजकूर येतो, आणि त्याची बरीचशी भिस्त इंग्रजीवर राहते. त्याच्यासाठी या शब्दांची ओळख अधिकच मोलाची आहे.

त्यासाठी एक साधा परिपाठ ठेवावा. कोणत्याही इंग्रजी कागदावर सही करण्यापूर्वी 'ऑल', 'एनी', 'ईच', 'बोथ', 'आयदर', 'सेव्हरली', 'अप टू' हे शब्द कोठे आले आहेत ते शोधावे आणि त्या प्रत्येकाचे मराठीत 'च' किंवा 'ही' लावून रूपांतर करून पाहावे : कोणताही, दोघेही, एकही, थोडेच. रूपांतर जमले तर अर्थ समजला असे मानावे. न जमल्यास शाखेतील अधिकाऱ्याला विचारावे. विचारण्यात कमीपणा मुळीच नाही. इंग्रजीत पत्र लिहितानाही हीच रीत उलट दिशेने वापरावी. मनातील मराठी वाक्यात 'च' किंवा 'ही' असेल, तर कागदावरच्या इंग्रजी वाक्यात त्याची जागा कोणत्या शब्दाने घेतली आहे, हे पाहूनच पाकीट बंद करावे.